पूलचा पहिला क्यू: नाव नंतर, टिप आधी

डोंबिवलीला आमच्या सोसायटीत गणपतीत कॅरमच्या स्पर्धा व्हायच्या, तेव्हा जो तो आपापला स्ट्रायकर खिशात घालून यायचा. मंडळाचे स्ट्रायकर डब्यात पडलेले असायचे, पण त्यांना फारसं कोणी हात लावत नसे. 'हा बोटाला बसलाय,' एवढंच कारण. तो कुठल्या कंपनीचा, हे कोणी कोणाला विचारल्याचं मला आठवत नाही. पुढे नोकरीसाठी अमेरिकेत मिलवॉकीला आले आणि दर मंगळवारी पूलची (टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या, बिलियर्ड्सच्या जातीच्या खेळाची) लीग खेळायला लागले, तर तिथे सगळा उलटा प्रकार. नवा माणूस आला की त्याचा पहिला प्रश्न हाच: कुठल्या ब्रँडचा क्यू, म्हणजे खेळायची काठी, घेऊ?

मीही तेच विचारलं होतं. त्यानंतरच्या अकरा वर्षांत मी चार क्यू घेतले, त्यातले दोन विकले आणि एक स्वतःच्या मूर्खपणाने वाया घालवला. हा लेख तुमचे तेवढे पैसे वाचावेत म्हणून. ब्रँडबद्दल लिहिणार आहे, भरपूर लिहिणार आहे, पण खाली. मधल्या पायऱ्या गाळून तिकडे उडी मारलीत तर तिथलं अर्धं तुम्हाला लागू पडणार नाही.

आधी दोन महिने काहीच घेऊ नका

पूल पार्लरच्या स्टिकवर खेळा. रॅकमधल्या स्टिकच्या बुडाशी १८, १९, २०, २१ असे आकडे असतात, ते औंस. एक औंस म्हणजे २८ ग्रॅमच्या किंचित वर, म्हणजे १९ औंसचा क्यू साधारण ५४० ग्रॅम. आठवडाभर १८, आठवडाभर २०, असं आलटून पालटून खेळा. बहुतेकांचा हात १९ किंवा साडेएकोणिसावर येऊन थांबतो. नाही थांबला तरी काळजी नको, बऱ्याच क्यूंच्या बुडात वजनाचा बोल्ट असतो आणि तो बदलता येतो. लांबीचा प्रश्नच नसतो. पूलचा नेहमीचा क्यू ५८ इंचांचा, मधोमध उघडणारा, म्हणजे २९ इंचांचे दोन तुकडे.

या दोन महिन्यांत एकच गोष्ट शिकायची: पांढरा बॉल मधोमध मारला की सरळ जातोय का. तो जात नसेल तर ८०० डॉलरच्या क्यूनेही जाणार नाही.

मुंबई-पुण्याकडे पुष्कळ जण जिमखान्यातल्या स्नूकरवरून पूलकडे वळतात. त्यांच्याकडे स्वतःचा स्नूकरचा क्यू असतो आणि तोच चालेल का, असं ते विचारतात. चालवता येतो, पण चालवू नये. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा, पूलचा ५७ मिलिमीटरच्या थोडा वर आणि वजनालाही जास्त. स्नूकरच्या क्यूची टिप, म्हणजे पुढचं चामड्याचं टोक, ९ ते १० मिलिमीटर, पूलच्या क्यूची साधारण १२ ते १३. बारीक टिपने जड बॉल जोरात ब्रेक करत (रचलेले बॉल पहिल्या फटक्याने फोडत) राहिलात की टिप लवकर चपटी होते आणि तिच्यामागच्या टोपीची, म्हणजे फेरूलची, शाश्वती राहत नाही. शिवाय स्नूकरचा क्यू ब्रेकला खराब केलात तर घरात दोन्ही खेळ बंद.

भाग ओळखा

पुढून मागे येऊ. सर्वांत पुढे चामड्याची टिप. तिच्यामागे पांढरी टोपी, ती फेरूल. मग लांब गुळगुळीत काठी, ती शाफ्ट. मधला सांधा म्हणजे जॉइंट. त्यामागे बट, म्हणजे जाड भाग, ज्यावर नक्षी असते आणि पकडायच्या जागी लिननचा दोरा, चामडं किंवा रबर असतं. शेवटी रबरी बूच.

दुकानात नजर जाते ती बटवर. किंमतही बरीचशी बटवरच लागते. बॉलला लागते ती टिप. बॉल कुठे जाणार हे ठरवते टिप आणि शाफ्टचा पुढचा वीतभर भाग. एवढं लक्षात ठेवलंत तर दुकानदाराचं निम्मं बोलणं आपोआप गाळलं जातं.

टिप: इथे थांबा, घाई करू नका

माझा पहिला क्यू मी असा निवडला: दुकानात दोन क्यू हातात घेतले, दोन्हींनी वीसेक बॉल मारले. एकाचा मार मऊ, लोण्यात सुरी जावी तसा. दुसरा ठणठणीत. मला मऊ आवडला, पैसे मोजले, घरी आले. चार महिन्यांनी टिप झिजली म्हणून बदलली, आणि तो मऊपणा टिपेबरोबर गेला! मी क्यूच्या नावाने जे विकत घेतलं होतं ते काही डॉलरचं चामडं होतं.

टिपा दोन जातीच्या. एक, एकसंध दाबलेल्या चामड्याची: एल्कमास्टर मऊ, ले प्रो जरा कडक. या अगदी स्वस्त. दुसरी, चामड्याचे पातळ थर एकावर एक चिकटवलेली, लेयर्ड. जपानची कामुई ही त्यातली सगळ्यात माहितीची, डुकराच्या चामड्याची; ती वीस-तीस डॉलरला पडते. थरांच्या टिपा आकार धरून राहतात, कडेने फुगून छत्रीसारख्या पसरत नाहीत. नव्या माणसाने मध्यम कडकपणाची, थरांची टिप घ्यावी आणि सहा महिने दुसऱ्या टिपेचं नाव काढू नये.

टिपेचा माथा गोल हवा. किती गोल? इथे नाण्याने मोजतात: पाच सेंटचं निकेल किंवा दहा सेंटचं डाइम टिपेवर उभं धरायचं आणि कड जुळते का पाहायचं. निकेल २१ मिलिमीटरच्या जरा वर, डाइम १८ मिलिमीटरला किंचित कमी. डाइमची गोलाई जास्त. निकेलने सुरुवात करा.

आता तुलनेचा पहिला नियम. दोन क्यूंची टिप वेगळी असेल तर ती दोन क्यूंची तुलना झालीच नाही. दुकानात विचारा, या दोन्हींवर कुठली टिप आहे? ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे घेऊ नका.

कानात बोळे घालून

मी पंपाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. कॅलिपर (जाडी आणि व्यास मोजायचं साधन) आणि कानात घालायचे फोमचे बोळे दोन्ही पर्समध्ये असतात. आमच्या पूलच्या टीममधले एक निवृत्त ट्रकचालक आजोबा आहेत, ते मंगळवारी सगळ्यांच्या आधी येऊन टेबल पुसत बसतात. एकदा क्यूच्या 'फील'वरून वाद रंगला. स्टीलच्या जॉइंटचा क्यू आणि लाकडाला लाकूड भिडणाऱ्या जॉइंटचा क्यू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, असं मी ठासून सांगत होते. आजोबा म्हणाले, बोळे घाल कानात आणि डोळे मीट. त्यांनी दोन्ही क्यूंच्या बटवर एकेक जुना मोजा चढवला, आणि एकामागून एक माझ्या हातात देत गेले. दोन्हींवर टिप एकाच कंपनीची, एकाच कडकपणाची.

दहा शॉटपैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. बोळे काढल्यावर मात्र दहापैकी नऊ.

तेव्हापासून मी 'फील' हा शब्द जरा जपून वापरते. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या एक हजारांशाच्या आसपास. हाताला काही जाणवेपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. आपण ज्याला फील म्हणतो त्यात आवाज बराच असतो, आणि उरलेली हातात येणारी कंपनं. म्हणून ते खोटं ठरत नाही. आवाज आवडला तर माणूस निवांत खेळतो, आणि निवांत हाताने बॉल पॉकेटमध्ये जातो. क्रिकेट खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. बॅटीचा आवाज ऐकूनच ते विकत घेतात. फक्त 'स्टीलचा जॉइंट जास्त ताकद देतो' असली वाक्यं कोणी टाकली की हसून सोडून द्या.

जॉइंटची खरी किंमत व्यवहारात आहे. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा. शॉन आणि जॉसचा ५/१६ इंची, इंचाला १४ आट्यांचा. मॅकडर्मटचा ३/८ इंची, १० आट्यांचा. मेझचा स्क्रू, म्हणजे पिन, स्वतःच्या वेव्ही जातीची. एकाची शाफ्ट दुसऱ्याच्या बटला बसत नाही. उद्या नुसती शाफ्ट बदलायची झाली तर बाजारात मिळेल का, हे आज बट घेताना पाहायचं.

शाफ्ट: बॉल वाकडा का जातो

पांढऱ्या बॉलला उजवी साइड, म्हणजे उजव्या बाजूची फिरकी, द्यायला तुम्ही मध्यापासून उजवीकडे मारता. बॉल फिरतो, पण त्याचबरोबर नेमापेक्षा किंचित डावीकडे निघतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. कारण सोपं आहे. बाजूला मारताना टिपेला बॉल बाहेर ढकलतो, आणि टिपेमागच्या सहा-आठ इंचांत जितकं जास्त वजन तितका तो भाग हटायला कुरकुर करतो. मग बॉलच उलट बाजूला सरकतो. पुढचा भाग हलका केला की शाफ्ट चटकन हटते आणि बॉल नेमाच्या जवळ राहतो.

'लो डिफ्लेक्शन' शाफ्टमागे एवढीच युक्ती आहे. पुढून पोकळ करायची, फेरूल हलकी नि आखूड करायची, व्यास थोडा कमी करायचा. कार्बन फायबरची शाफ्ट आतून पोकळच असते, त्यात फोम भरतात.

घरी किंवा पार्लरमध्ये तपासायची रीत अशी. पांढरा बॉल टेबलाच्या एका टोकाला मध्यावर ठेवा. समोरच्या आखूड कडेवरच्या मधल्या खुणेवर नेम धरा. आता क्यू त्याच दिशेला समांतर ठेवून एका टिपेएवढा उजवीकडे सरकवा आणि सडकून मारा. क्यू शक्य तितका आडवा असू द्या. हळू मारलंत किंवा मागून क्यू उचललात तर बॉल वाटेत वळून परत येतो आणि मोजमाप फसतं. समोरच्या कडेला बॉल खुणेच्या किती डावीकडे लागला ते पाहा. दहा वेळा मारा, चॉकने खूण करा आणि नंतर पुसा, नाहीतर पार्लरवाला ओरडेल. मग दुसऱ्या क्यूने दहा.

नव्या माणसाने लो डिफ्लेक्शन घ्यावी का? माझं मत, परवडत असेल तर घ्यावी, कारण चुकीची सवय लागण्याआधीच हाताला एक हिशेब बसतो. पण परवडत नसेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. साइड न देता मारलेल्या शॉटला दोन्ही शाफ्ट सारख्याच, आणि पहिल्या वर्षी तुमचे बहुतेक शॉट साइडशिवायच असायला हवेत. आमचे आजोबा चाळीस वर्षं साध्या मेपल लाकडाच्या शाफ्टवर खेळतायत आणि मला दर मंगळवारी हरवतात. एकच करू नका: आज हिच्यावर, उद्या तिच्यावर.

कारागिरी: भिंग घेऊन बघा

हा भाग माझ्या धंद्यातला, म्हणून थोडी जास्त बडबड करते.

क्यूच्या बटवर पकडीच्या पुढे टोकदार भाल्यासारखी नक्षी असते, तिला पॉइंट म्हणतात. जुन्या रीतीत लाकडात इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच कापून त्यात दुसरं लाकूड चिकटवतात आणि मग सगळं लेथवर फिरवून गोल करतात. अशा पॉइंटचं टोक सुईसारखं निमुळतं येतं. संगणकावर चालणाऱ्या मशीनने खोबण कोरली तर कटर गोल असल्याने टोक बहुधा बोथट राहतं. यात फसवणूक काही नाही, पद्धत वेगळी. पण चारही पॉइंट एकाच उंचीवर संपतात का ते क्यू हळूहळू फिरवून पाहा. एक पॉइंट दोन मिलिमीटर खाली असेल तर लाकूड लेथवर मध्यावर धरलं गेलं नव्हतं. खेळावर याचा परिणाम शून्य. पण जो माणूस हे सोडून देतो तो आणखी काय सोडून देत असेल, असा प्रश्न मला तरी पडतो.

स्वस्त क्यूवर बऱ्याचदा नक्षी नसतेच, नक्षीचा छापील कागद असतो आणि त्यावर लॅकर. भिंगाखाली ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे. शंभर डॉलरच्या आत हे चालतंच. पाचशे डॉलरला चालू नये.

मग जॉइंटवर नख फिरवा. धातू आणि लाकूड जिथे मिळतात तिथे नख अडकता कामा नये. लिननचा दोरा जिथे सुरू होतो आणि संपतो तिथेही तसंच. क्यू जोडा आणि जॉइंट डोळ्यासमोर उजेडात धरा; फट दिसली तर परत ठेवा.

सरळपणा. शाफ्ट एकटी टेबलाच्या स्लेटवर लोळवा आणि खालून येणारी उजेडाची रेघ बघा. ती रुंद-अरुंद होत राहिली तर शाफ्ट वाकली आहे. बट वेगळं लोळवा. जोडल्यावर पुन्हा. सुटे दोन्ही सरळ आणि जोडल्यावर डुगडुगतात, असं झालं तर खोट जॉइंटमध्ये. शेवटी डोळ्याला लावून बंदुकीसारखं बघायचं, ते सगळेच करतात.

शाफ्टचं लाकूड मेपल. रेषा जवळजवळ आणि टोकापासून जॉइंटपर्यंत सरळ धावणाऱ्या हव्यात. मध्येच कडेला सुटणाऱ्या रेषा दिसल्या की ती शाफ्ट पुढे वाकायची शक्यता जास्त. बटसाठी कोकोबोलो आणि आबनूस या लाकडांची फार चलती असते. कोकोबोलो म्हणजे आपल्या शिसवीच्या कुळातलं झाड, मध्य अमेरिकेत वाढणारं. आणि आबनूस म्हणजे विदर्भातल्या तेंदूचा भाऊबंद. दुकानदार ही नावं घेताना आवाज खाली आणतो, तेव्हा मला हटकून विडीच्या पानांची आठवण होते.

आता ब्रँड

मिलवॉकी ज्या विस्कॉन्सिन राज्यात आहे, त्याचा राज्यवृक्ष शुगर मेपल. क्यूच्या शाफ्टला लागणारं कठीण मेपल हेच. आणि अमेरिकेतले क्यू करणारे किती या एका राज्यात! मिलवॉकीत शॉन, शहराला लागून मेनोमोनी फॉल्सला मॅकडर्मट, ग्रीन बेला पेशाउअर, नेकूसाला जेकोबी. माझ्या घरून सगळे दिवसभराच्या अंतरात. त्यामुळे माझी मतं थोडी घरच्या बाजूने झुकलेली असतील, तेवढी वजा करून घ्या.

मॅकडर्मट १९७५ साली जिम मॅकडर्मट यांनी सुरू केली. पहिला चांगला क्यू म्हणून मी बहुतेकांना हाच सुचवते, आणि कारण मारात शोधू नका. मार मध्यम, कोणालाही न खुपणारा. कारण आहे हमी: आयुष्यभराची, आणि लाकूड वाकलं तरी लागू. नवा माणूस क्यू भिंतीला टेकवून ठेवतो, उन्हात विसरतो. त्याला हीच हमी हवी. त्यांची जी-कोअर शाफ्ट बाहेरून मेपल आणि पुढच्या भागात आतून कार्बन. डिफ्लेक्शन साध्या मेपलपेक्षा कमी, पण आवाज लाकडाचाच.

शॉन त्याच्या उलट स्वभावाचा. स्टीलचा जॉइंट, ठणठणीत मार, बॉल लागला की टेबलापलीकडच्यालाही कळावं. पॉइंट सुरेख, टोकं सुईसारखी. माझ्याकडे आज जो आहे तो हाच. जुना घेतला, शाफ्ट साधीच. नवशिक्यांनी एकदा हातात जरूर घ्यावा, पण हात मऊ असेल तर आवडेलच असं नाही. जॉसही याच घराण्यातला: १९६८ साली डॅन जेन्स आणि बिल स्ट्राउड यांनी मेरीलँडमध्ये सुरू केलेला, दिसायला साधा, पारंपरिक वळणाचा. वापरलेला जॉस चांगल्या किमतीत मिळाला तर सोडू नये.

पेशाउअर आणि जेकोबी दोन्ही घरगुती धंदे, मोठ्या जाहिराती नाहीत. पेशाउअरची फिनिश नख फिरवून पाहा; मी कॅलिपर लावून पाहिली, आणि गप्प बसले.

म्यूची मिसिसिपीतला, बॉब म्यूची यांचा. याची शाफ्ट लवचिक. मारल्यावर वेतासारखी झुलते असं वाटतं. हळू हाताच्या खेळाडूला हे भारी आवडतं. जोरात मारणाऱ्याला क्यू हातातून निसटल्यासारखा वाटतो. मधली मतं फारशी ऐकू येत नाहीत. न मारता मागवू नका.

प्रेडेटरने १९९४ च्या सुमारास लो डिफ्लेक्शन शाफ्ट बाजारात आणून सगळा खेळच हलवला. त्यांची ३१४ ही शाफ्ट एका लाकडाची नसते. संत्र्याच्या फोडींसारखे दहा तुकडे गोलाकार जोडून ती करतात, म्हणजे क्यू कुठल्याही बाजूने फिरवून धरला तरी मार तोच. २०१६ साली त्यांनी रेव्हो ही कार्बनची शाफ्ट काढली आणि मग सगळेच कार्बनकडे धावले. डिफ्लेक्शन कमी, वाकायची भीती नाही, ओल्या फडक्याने पुसली तरी बिघडत नाही. आवाज मात्र पोकळ, 'टॉक' असा. मला तो आवाज आवडत नाही, ही माझी अडचण. नुसती रेव्हो शाफ्ट ५०० डॉलरच्या वर जाते. पहिल्या वर्षी हा खर्च मला पटत नाही.

क्यूटेक पूर्वी लाकडावर फायबरग्लासचं आवरण चढवायचे, तेव्हा पट्टीचे खेळाडू नाकं मुरडायचे. आता त्यांची सिनर्जी ही कार्बन शाफ्ट सगळीकडे दिसते, आणि २०२२ साली नाइन-बॉल या पूलच्या प्रकाराची जागतिक स्पर्धा जिंकणारा शेन व्हॅन बोनिंग क्यूटेकवरच खेळतो. कार्बनच हवी असेल आणि प्रेडेटरची किंमत झेपत नसेल तर आधी इथे पाहा.

मेझ जपानचा, मिकी या लाकूडकाम करणाऱ्या कंपनीचा. दिखाऊपणा कमी, मोजमाप कडक. एकाच मॉडेलचे तीन क्यू मी ओळीने मारून पाहिले, मला फरक सापडला नाही. माझ्या धंद्यात याहून मोठी स्तुती नसते. महाग आहेत, आणि त्यांच्या पिनला बसणाऱ्या शाफ्ट मर्यादित.

राहिले प्लेयर्स आणि लुकासी: विकणारे एकच, माल चीनमध्ये तयार होतो. चिनी म्हणून नाक मुरडू नका. दीड-दोनशे डॉलरमध्ये सरळ काठी, बरा जॉइंट आणि वाकण्यावर हमी मिळते. त्यावर एक चांगली थरांची टिप बसवा आणि दोन वर्षं बिनधास्त खेळा. लीगमधल्या निम्म्या लोकांना तुमच्या मारात फरक कळणार नाही.

हाताने एकेक क्यू घडवणाऱ्यांची दुनिया वेगळीच आहे. रशियात जन्मलेले, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये क्यू करणारे जॉर्ज बालाबुश्का १९७५ साली वारले. त्यांचे क्यू आज खेळायला कमी आणि जपायला जास्त घेतले जातात. लास वेगासच्या साउथवेस्टसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून थांबतात. हे वाचायला छान. पहिला क्यू घेणाऱ्याने इथे थांबू नये.

पैसे कसे वाटायचे

३०० डॉलर असतील तर माझा हिशेब असा: २०० चा क्यू, ३० ची टिप बसवणावळीसकट, ४० ची क्यू ठेवायची कडक केस, बाकीचे टेबलाच्या भाड्याला. नक्षीसाठी एक डॉलर नाही. ब्रेक पार्लरच्या स्टिकने करा. ब्रेकचा क्यू वेगळा घ्यायची गरज वर्षभर पडत नाही, आणि आपली टिप टिकते.

मोठ्या नावाचा क्यू अर्ध्या किमतीत दिसला की थांबा. मी एकदा नाही थांबले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नामांकित कंपनीची कार्बन शाफ्ट निम्म्या भावात मागवली. पेटी खरी वाटेल अशी, होलोग्रामसुद्धा. कॅलिपर लावला तर टोकाचा व्यास पेटीवर छापलेल्यापेक्षा ०.३ मिलिमीटर जास्त, आणि जॉइंटची पिन हाताला किंचित हलत होती. पैसे परत मिळेपर्यंत दोन महिने गेले. आता मी अनुक्रमांक कंपनीला कळवून खात्री केल्याशिवाय वापरलेलं काही घेत नाही.

सांभाळ, आणि पावसाळा

वाया घालवलेल्या क्यूचं सांगायचं राहिलं. जानेवारीत, बाहेर उणे वीस, तो रात्रभर गाडीच्या डिकीत राहिला. सकाळी घाईघाईने घरात आणून हीटरजवळ ठेवला. आठवड्यात शाफ्टचं धनुष्य झालं. लाकडाला थंडी सोसते, उष्णताही सोसते. एकातून दुसऱ्यात फेकलेलं सोसत नाही. आणताना केस बंदच ठेवायची, तासभर तशीच राहू द्यायची.

शाफ्ट चिकट झाली तर कोरडं सुती फडकं जोरात फिरवा, तेवढ्याने काम होतं. सँडपेपर लावू नका. प्रत्येक वेळी व्यास कमी होतो आणि तो परत येत नाही.

भारतात नेताना क्यू विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इन सामानातच द्यावा लागतो. मोठ्या बॅगेत २९ इंचांचे तुकडे तिरके बसतात, मऊ कपड्यांत गुंडाळून. मी एका जुलैत शॉन डोंबिवलीला नेला. दोन दिवसांत शाफ्ट दमट हवेने फुगली, डाव्या हाताच्या बोटांवरून ओल्या लाटण्यासारखी अडकायला लागली. मुंबई-पुण्यात वर्षभर खेळणार असाल तर कार्बनच्या बाजूने हा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो.

त्याच फेरीत टिप निघाली. एका जिमखान्यात गेले, तिथल्या मार्करकाकांना, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या काकांना, क्यू दाखवला. त्यांनी तो आधी दिव्याखाली लोळवून पाहिला, मग टिपेची जागा नखाने चाचपली. त्यांच्याकडे सगळ्या स्नूकरच्या १० मिलिमीटरच्या टिपा होत्या. माझ्या पर्समध्ये १४ मिलिमीटरची एक पडून होती, ती दिली. लेथ नाही, काही नाही. फेरूलचा माथा बारीक सँडपेपरवर उभा धरून गोलगोल फिरवत सपाट केला, टिपेची पाठ खरवडली, गोंदाचा एकच थेंब, आणि क्यू उलटा करून टिप फरशीवर दाबून धरली. कड ब्लेडने कापली, तीही फेरूलला ओरखडा न पाडता. वीस मिनिटं लागली. मी लगेच टेबलाकडे निघाले तर म्हणाले, "आज नको ताई. गोंद रात्रभर वाळू दे. आत्ता बॉल मागे ओढणारा स्क्रू शॉट मारलात तर टिप पुन्हा हातात येईल."